चष्मेवाला रद्द

पुसदच्या बसस्थानकावर मी कंट्रोलर होतो. दिग्रस, उमरखेड, माहूर, सगळ्या गाड्या माझ्या तोंडून सुटायच्या. निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं, माईक मात्र तिथंच राहिला. मग मी घरातच घोषणा सुरू केल्या. "चहा दहा मिनिटे उशिराने धावत आहे." आठवड्याभरात बायकोनं हात जोडले, "तुमी सकाळी कुठंतरी जात जा बरं!"

म्हणून टेकडीवर जाऊ लागलो आणि पाखरांच्या नादी लागलो. दुर्बीण घेतली, वही केली. जित्याची खोड, वहीत रकाने तेच: वेळ, ठिकाण, शेरा. 'तांबट, सहा पाच, वड, वेळेवर.' पावसाळ्यात येणारा नवरंग म्हणजे 'हंगामी गाडी'.

तिथं एक जोडीदार मिळाला. पायथ्याच्या तांड्यावरचा, माझ्याच वयाचा. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घातला, हा कापूस आणि तूर पिकवतो. पण चाल अजून तीच. मी मागून धापा टाकत जातो. त्याच्याकडे दुर्बीण नाही. मी डोळ्याला लावेपर्यंत तो पाखरू सांगून मोकळा होतो, याचा मला भारी राग येतो. रोज भांडतो आम्ही. त्याशिवाय टेकडी चढल्यासारखी वाटत नाही.

माझा लाडका पक्षी चष्मेवाला. चिमणीहून लहान, हिरवा-पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं. पानांत बसला की पान होतो, त्यामुळे डोळ्यांनी शोधायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. दहा-पंधरांचा थवा असतो आणि बारीक आवाजात त्यांची अखंड बडबड चालते. ती कानावर आली की मान वर करायची, बस.

गेल्या हिवाळ्यात तो आलाच नाही. पहिल्या दिवशी लिहिलं, 'रद्द.' दुसऱ्या दिवशी रद्द. संक्रांत गेली, तूर घरात आली, पळस फुलला, तरी रद्दच. मोर वेळेवर, भारद्वाज वेळेवर, आणि एवढासा हाच कसा गायब? माझं डोकं फिरलं. वणवे, झाडतोड, लग्नातले डीजे, सगळ्यांना धारेवर धरून मी वनविभागाच्या नावे तीन पानी अर्ज लिहिला. 'सदर टेकडीवरून चष्मेवाले नाहीसे झाले असून...' अर्जाला साक्षीदार हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी पळसाखालच्या खडकावर बसून कागद जोडीदारापुढे धरला.

त्यानं वाचला. घडी घालून माझ्या हातात दिला.

"मी सही नाही करत, कंट्रोलर साहेब."

"काहून?"

"खोटं कायले लिहून राह्यले? ते तं इथंच हायेत."

"कुठं हायेत? अख्खा हिवाळा एक आवाज नाही!"

तो माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "वर पाहा."

वर पाहिलं. डोक्यावरच्या फांदीवर, लाल फुलांत, बारा-तेरा चष्मेवाले लटकत होते. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. गळे थरथरत होते. आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

मी घाबरलो. साफ सांगतो, इतका कधी घाबरलो नव्हतो.

"आता बोलून राह्यले का ते?"

"लय. कान किटले माह्ये."

"तुमाले कवापासून माहीत हाये, भाऊ?"

"दिवाळीपासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी येनं बंद केलं असतं," तो म्हणाला. "मंग मी भांडू कोनासंग?"

आणि मी खरंच जाणं बंद केलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की आधी बारीक आवाज जातात. मशीन दिलं. त्यानं कुकरची शिट्टी परत आली, बायकोचं पुटपुटणं परत आलं (ते नसतं आलं तरी चाललं असतं), पण अंगणातला शिंजीर पक्षी मुकाच राहिला. वही कपाटावर टाकली. ज्याला ऐकूच येत नाही, त्यानं कसल्या नोंदी करायच्या?

नवव्या दिवशी पहाटे जोडीदार दारात उभा. बायकोनं काही न विचारता वही काढून त्याच्या हातात दिली. दोघांनी आधीच ठरवलं असावं. मी कुरकुरत निघालो.

पळसाखाली बसलो. थोड्या वेळानं त्यानं माझा खांदा दाबला आणि बोट वर केलं. चोची हलत होत्या.

"कसा आवाज हाये, सांगा तं," मी म्हणालो.

तो अवघडला. इकडंतिकडं पाहिलं. या माणसाला कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं मी. त्यानं ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. जाडी, भरड, फाटकी, आणि मधेच खोकला. इतका बेसूर चष्मेवाला साऱ्या जिल्ह्यात नसेल. वरचा सगळा थवा भुर्रकन उडून गेला.

पण ती शीळ मला ऐकू आली होती.

"पुन्हा करा," मी म्हणालो. त्यानं पुन्हा केली. मी वही उघडली आणि डोळे पुसून लिहिलं: 'चष्मेवाला, सहा बारा, पळस. आला.'