वाघरीचं दुसरं टोक

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आम्ही सांगोल्याकडचे मेंढपाळ. मी सोलापुरात शाळामास्तर झालो तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, गावभर गूळ वाटला होता. पण दर चैत्रात आमची भावकी महादेवाच्या डोंगरावर सशांच्या पारधीला चढे, तेव्हा मी पायथ्याशी भाकरीची गाठोडी राखत बसे. लहानपणापासूनचा दमा. आमच्यात सशाच्या जाळ्याला वाघर म्हणतात. तिचं एक टोक बापानं धरायचं, दुसरं लेकानं, अशी रीत. आबांच्या वाघरीचं दुसरं टोक चुलतभाऊ धरी. ते खालून बघताना देवावरचा माझा विश्वास पार उडाला होता.

एका वर्षी आबांचा निरोप आला, "गुडघं ऱ्हायलं न्हाईत. औंदा माजी शेवटची पारध." मी हट्टाला पेटलो. व्यायामाचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात सांगितल्याप्रमाणे छाती फुगवून, श्वास कोंडून, सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती रोज पहाटे धावलो आणि पंधरा दिवसांत अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, "डोंगराचं नाव काढू नका." तरी महिन्याची रजा काढून गावी गेलो.

पहिल्याच चढाला धाप लागून मी दगडावर कोसळलो. ज्याला मानत नव्हतो त्यालाच म्हटलं, महादेवा, ससा नको मला, एकदा वर ने. तेवढ्यात पाच-सहा मेंढरं हाकत एक म्हातारी आली. थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "लेकरा, हावरटावानी वढतुयास की श्वास. सोडतुयास कुटं?"

"आजी, मला दमा आहे."

"व्हय, दिसतंय. गरम दुधावर फुकर मारतो तशी हळू सोड. आत यायचं ते आपसूक येतंय. आन मेंढरामागं चाल, फुडं न्हाय."

मेंढरं चरत चढत होती. मी फुंकर सोडत त्यांच्या मागून अर्ध्या डोंगरापर्यंत गेलो. पुढं महिनाभर तसाच एकटा चढलो, रोज थोडा वर. म्हातारी पुन्हा दिसली नाही. आबा म्हणाले, त्या अंगाला पाणी नाही, उन्हाळ्यात तिकडं कुणी मेंढरं नेत नाही. ती कोण होती, मला ठाऊक नाही.

पारधीच्या दिवशी मी सगळ्यांच्या मागं होतो. चुलतभाऊ वरून ओरडला, "मास्तर येईपतूर ससा म्हातारा व्हईल की!" मी हसलो नाही, फुंकर मोडली असती. वर पोचलो तर आबा वाघर पसरून बसलेले. दुसरं टोक दगडाखाली दाबून ठेवलेलं. कुणालाच धरू दिलं नव्हतं. मी दगड बाजूला केला.

हाकाऱ्यांनी झुडपं बडवली. ससा आला तो नेमका माझ्याच अंगानं. माझा हात खाली राहिला आणि तो वरून उडी मारून गेला. भावकीनं डोक्याला हात लावला. आबा उठून आले, मेंढीची धाप बघतात तसा माझ्या छातीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. "बरी चाललीया की," एवढंच म्हणाले.

आबांना जाऊन चार वर्षं झाली. चैत्रात अजूनही मी डोंगर चढतो, हळू, कुणाच्याही पुढं न जाता. वर पोचलो की वाघरीच्या पलीकडच्या टोकाला आबा नसतात, आणि जीव तुटतो. मग वाटतं, मी एकदाच मागितलं होतं, आणि एकदा दिलं गेलं. माझ्या जोरावर ते मिळालं नव्हतं. पारधीच्या त्या दिवसासाठी महादेवापुढं डोकं टेकतो, आणि श्वास सोडत सोडत खाली येतो.