तिरपी ठोकलेली जाळी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. मी तेव्हा अकोल्यात ठाणेदार होतो, अंगात भारी रग होती. कापसाच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, माडीवरच्या खिडकीला टेकलेली कामकरी बाई तारेच्या जाळीसकट खाली पडली. पाय मोडला. जिनाच्या व्यवस्थापकाने खबर दिली, की जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याने, ज्याला सगळे चाचा म्हणत, हलकी तार वापरली. पंचनाम्याची वाट न पाहता मी त्याला उचललं आणि भर बाजारात, त्याच्या बायकोसमोर, 'बेइमान' म्हणालो.

कोठडीत त्याचा एकच जबाब. "साहेब, माही तार पक्की हाय. ते जाळी आना, मंग बोला." खोटं बोलणारा दुसऱ्या दिवशी गोष्ट सजवतो. याने शब्दही वाढवला नाही, तेव्हा मी चरकलो.

दवाखान्यात त्या बाईला विचारलं. ती उलट माझ्यावरच उखडली. "तार कुठं तुटली जी? जाळी झोळीवानी ढिली झाली अन् खिळ्यातून निसटली. चाचाले काहून धरलं तुमी?"

जाळी ठाण्यात आणवली. खरोखर एकही तार तुटली नव्हती, मधोमध झोळ पडला होता. चाचाने त्याच तारेच्या जाळीचे दोन तुकडे दोन चौकटींवर ठोकले, एक सरळ, एक तिरपा. "बसा साहेब."

मी चांगला वजनदार. सरळ जाळी दोन बोटं दबली. तिरपीवर टेकलो मात्र, अहो, चौकोनी घरांची शंकरपाळी झाली, कडा खिळ्यांतून सुटल्या आणि मी धपकन जमिनीवर! शिपाई खो खो हसले. चाचा हसला नाही.

"वजन तारेच्या रेषेत आलं तं जाळी हटत नाई. तिरपं आलं तं घरं सरकते."

जिनाच्या सुताराने मग कबूल केलं. उरलेला तुकडा सरळ पुरत नव्हता, व्यवस्थापकाच्या हुकमाने तिरपा बसवला होता. गुन्हा व्यवस्थापकावर दाखल झाला.

चाचाला मी स्वतः घरी पोचवलं आणि त्याच बाजारात, चाचीसमोर, मोठ्याने म्हणालो, "चूक माझी. हा माणूस इमानदार आहे." चाची रडली. चाचाने माझा हात धरून मला ओट्यावर बसवलं, चहा सांगितला.

पुढे खटला संपल्यावर ती जाळी त्याने मागून घेतली. मी गेलो तेव्हा ओट्यावर चाचीशेजारी बसून तो ती ठोकून सपाट करत होता. म्हटलं, "होईल सरळ?"

"दिसन सरळ, साहेब. पन एकदा ताण खाल्ला, का पयल्यासारखी नाई होत."

तो जाळीबद्दलच बोलत होता. माझ्याने मात्र चाचीकडे पाहवलं नाही. त्यानंतर पंचनाम्याआधी मी कुणालाही बेइमान म्हटलं नाही.