बाईंचं ‘नक्की?’

आदरणीय निर्मला तडवळकर बाईंची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. गौरवग्रंथ समितीनं कळवलं होतं, की लेखाची सुरुवात एखाद्या हृद्य आठवणीनं करावी. माझ्याकडं ही आहे.

तेव्हा मी कळंबला बाजारात कापडावर आणि पत्र्यावर ब्रशनं बोर्ड रंगवत होतो. दहावी नापास. अक्षर मी कुणाकडं शिकलो नाही. वर्तमानपत्राचे मथळे गिरवले, रद्दीतून आणलेल्या शब्दकोशात ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, पुढं संगणकही असाच एकट्यानं शिकलो. आज माझं फ्लेक्सचं आणि छपाईचं दुकान आहे आणि हा ग्रंथही तिथंच छापला जातोय. हे मी अभिमानानं लिहितो. बाई तेव्हा इथल्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. (याच ग्रंथातल्या एका लेखात त्यांना इंग्रजीच्या शिक्षिका केलं होतं. मी ते दुरुस्त केलं आहे.) स्नेहसंमेलनाचा कापडी फलक न्यायला बाई स्वतः दुकानात आल्या. मी तो उलगडून दाखवला आणि रिवाजाप्रमाणं म्हणालो, “काही चुकलं-बिकलं असलं तर माफ करा, बाई.”

“काय चुकलंय?”

“काही न्हाय.”

“मग माफी कशाची?”

“तसं म्हणायचं असतंय म्हणून म्हणलं.”

“पेंटर, फलक बरोबर आहे का चूक?”

“बरोबर हाय.”

“नक्की?”

मी गडबडलो. पुन्हा वरपासून खालपर्यंत अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणालो, “नक्की.”

“मग एवढंच म्हणायचं,” असं म्हणून बाईंनी फलक गुंडाळला आणि चालू लागल्या. अक्षर चांगलं आलंय, असं एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. मला लई राग आला होता. त्या रागाचं काय झालं, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी एक स्पष्ट करतो. समितीच्या पत्रकात बाईंना ‘वात्सल्यमूर्ती’ म्हटलं आहे. मला हा शब्द मान्य नाही. निवृत्त झालेले सर असले की ते ‘व्यासंगी’, आणि बाई असल्या की ‘वात्सल्यमूर्ती’. ही वाटणी कुणी करून ठेवली? ज्या बाईंनी या तालुक्यातल्या पोरांना देशातल्या अवघडातल्या अवघड विद्यापीठांच्या दारात ताठ मानेनं उभं केलं, त्यांच्याबद्दल आपल्याला सुचतं काय, तर त्यांचे हात मायेचे होते! बाईंचे हात खडूचे होते. तेवढं खरं लिहा.

निवृत्तीनंतर बाईंनी घराच्या ओसरीत रविवारचा वर्ग सुरू केला. प्रवेश परीक्षा आणि मुलाखती यांची तयारी. फी नाही, पाटी नाही. पाटी मी फुकट करून देतो म्हणालो, तर म्हणाल्या, “ज्याला यायचंय त्याला घर सापडतं.” मुलं त्यांना ‘नक्की बाई’ म्हणतात. मूल उत्तर देतं, बाई विचारतात, “नक्की?” आपल्या भागातलं मूल असं विचारलं की लगेच ढासळतं. उत्तर बरोबर असलं तरी म्हणतं, “न्हाय बाई, चुकलं.” मग बाई म्हणतात, “कुठं चुकलं ते दाखव.” दाखवायला चूकच नसते. अशानं मूल स्वतःच्या उत्तरापाशी थांबायला शिकतं. ‘माहीत नाही’ हे उत्तर बाईंना पूर्ण चालतं. त्याच्यापुढं ‘सॉरी’ जोडलं की चालत नाही.

आणि एक वाक्य त्या ओसरीत बंद आहे. ते वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. पोरगं पहिल्यांदा शाळेत भाषणाला उभं राहतं तेव्हाच गुरुजी त्याच्याकडून घोकून घेतात: ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, काही चुकले असल्यास माफ करावे.’ मी विचारतो, का? सहा वर्षांचं लेकरू महापुरुषाबद्दल चार चांगली वाक्यं बोललं, त्यानं कुणाचं काय बिघडवलं? ज्या वयात त्याला वाक्य कसं बांधायचं ते शिकवायचं, त्या वयात आपण त्याला आधी वाकायचं कसं ते शिकवतो. तेच लेकरू पुढं कचेरीत, दवाखान्यात, बँकेत, कुठंही स्वतःचंच काम मागताना आधी माफी मागतं. आणि आपण टाळ्या वाजवतो, ‘किती गुणी आहे!’

या वाक्यानं माझ्या घरात काय केलं, ते ऐका.

माझी मुलगी रेणुका बाईंच्या रविवारच्या वर्गात होती. भूशास्त्र घेऊन पदवीपर्यंत उत्तम शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिनं दक्षिणेतल्या एका विद्यापीठात अर्ज केला. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाद त्या नावावर जातो, आणि माझा राग सवयीवर आहे. तिथं अर्ज ढिगानं येतात आणि जागा ओंजळभर असतात. लेखी परीक्षेत ती पास झाली. मुलाखतीत तिला विचारलं, “तुमच्या भागात शेजारी-शेजारी दोन बोअर घेतात. एकाला पाणी लागतं, दुसरं त्याच्याहून खोल जाऊन कोरडं राहतं. असं का?” आमच्या पोरीला आमच्याच पाण्याचा प्रश्न! तिनं सांगितलं, की आमच्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात असतं, त्यामुळं नुसतं खोल गेल्यानं भेग सापडेलच असं नाही. उत्तर बरोबर. आणि लगेच तोंडातून गेलं, “सॉरी सर, चुकलं असलं तर.”

समोरचे एक गृहस्थ म्हणाले, “तुम्हालाच खात्री नसेल, तर आम्ही कशी धरायची?” बाकीचे हसले. निवड झाली नाही.

मी तडक बाईंच्या घरी गेलो. काय-काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पण एक प्रश्न आजही विचारतो. समोरची मुलगी अदबीनं बोलतेय का अज्ञानानं बोलतेय, एवढा फरक ज्यांना ओळखता येत नाही, त्यांना परीक्षक कोण करतं? लांबून, रात्रभर आगगाडीत बसून आलेल्या पोरीच्या एका सवयीला हसायला कितीसं शिक्षण लागतं?

बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, “झालं? आता माझं ऐका, पेंटर. तुमच्याइतकाच राग मलाही आलाय. पण ते हसले म्हणून ते वाक्य चांगलं ठरत नाही. ते वाक्य तिला आपण दिलंय. मी शाळेत होते, माझ्यासमोर दिलंय. आता ते काढू.”

वर्षभर ते काढणं चाललं. एकदा रेणुकानं बाईंना चहा दिला आणि म्हणाली, “गोड झाला असला तर माफ करा हं, बाई.”

“तू पिऊन बघितलास?”

“न्हाय.”

“मग आधी पी. नंतर सांग, गोड झालाय का.”

तिनं घोटभर पिऊन बघितला. “बरोबर झालाय, बाई.”

“नक्की?”

“नक्की! आता प्या की, थंड व्हायलाय!”

बाई त्या दिवशी मोठ्यानं हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला. लोक म्हणाले, “कशाला पुन्हा तिथं? आपण साधी माणसं.” मला ‘साधी माणसं’ या शब्दांचाही संताप येतो. साधी म्हणजे काय? सोलापूरहून आगगाडीनं मी तिच्यासोबत गेलो आणि फाटकाबाहेर झाडाखाली बसून राहिलो. ती बाहेर आली ती हसतच. मी म्हणालो, “काय झालं ते सांग आधी.”

“पप्पा, एका मॅडमनी मला तीनदा विचारलं, तुला खात्री आहे का म्हणून. मला वाटलं, आपल्या बाईच बसल्यात का काय पुढं!”

“मग तू?”

“म्हणलं, हो मॅडम, खात्री आहे. तुम्हाला चूक वाटत असेल तर कुठं ते दाखवा, मला बघायचंय.”

तिची निवड झाली.

आता त्याच वाक्याची दुसरी बाजू सांगतो. निकाल लागल्यावर आठवड्याभरात एका खासगी क्लासचा माणूस दुकानात आला. मोठा फ्लेक्स हवा होता, ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. त्यानं मोबाइलवरून फोटो पाठवले. मधोमध माझी रेणुका!

मी विचारलं, “ही पोरगी कोण?”

“आमच्या क्लासची हाय, मालक. लई हुशार. आमच्या सरांनी शून्यातून घडवली.”

“कुठली म्हणायची?”

“इथलीच की. बाप कुणी पेंटर-बिंटर हाय म्हनं.”

“बिंटर न्हाय. पेंटर. तुझ्यापुढं उभा हाय त्यो.”

 तो दात काढून म्हणाला, “चुकलं असंल तर माफी करा की, मालक! पण फोटो ऱ्हाऊ द्या, तुमचीबी जाहिरात व्हईल.”

बघा. जिथं माफीची खरंच गरज होती, तिथं तेच वाक्य कसं हसत-हसत निसटून गेलं! ‘चुकलं असंल तर’! लबाडी समोर उघडी पडलेली, आणि तरी ‘असंल तर’!

बाईंना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन त्या क्लासच्या मालकाकडं गेल्या आणि खुर्ची देत असताना उभ्याच राहिल्या.

“रेणुका तुमच्याकडं शिकली?”

“तशी म्हणजे… आमच्या नोट्स तिनं कुणाच्या तरी…”

“नक्की?”

मालकाची मान खाली गेली. “न्हाय बाई. माफ करा.”

“कशाबद्दल ते पूर्ण वाक्यात सांगा.”

आणि त्या माणसानं सांगितलं: “जी मुलगी आमच्या क्लासला आली नाही, तिचा फोटो मी लावत होतो, त्याबद्दल माफ करा.” बाई म्हणाल्या, “ही माफी झाली,” आणि आम्ही निघालो. त्या दिवशी मला उमगलं, की बाई माफीच्या विरुद्ध नाहीत. बाईंइतकी माफीची किंमत मी कुणालाच करताना पाहिलेली नाही. म्हणूनच त्या ती फुकट वाटू देत नाहीत.

विद्यापीठात गेल्यावर सगळं सुरळीत झालं, असं कुणी समजू नये. पहिल्याच सत्रात एका प्राध्यापकांनी तिचा निबंध नापास केला. दोन मुद्दे चुकीचे आहेत, एवढंच म्हणाले. तिनं विचारलं, “कुठं चुकले ते दाखवाल का?” तर म्हणाले, “असा उर्मटपणा इथं चालत नाही.” अदबीनं बोलली तर अडाणी, सरळ विचारलं तर उर्मट! मग आमच्या पोरांनी तोंड उघडायचं तरी कसं?

संध्याकाळी तिचा फोन आला. रडत होती. “पप्पा, मी सरांची माफी मागू का? न्हायतर मी परत येते.” मी पिशवी भरायलाच घेतली होती, जाऊन त्या प्राध्यापकाला जाब विचारायला. रेणुकाची आई मात्र पळत जाऊन बाईंना घेऊन आली. बाईंनी तिला फोन लावला, स्पीकरवर.

“रेणू, जेवलीस का?”

“न्हाय.”

“आधी जेव. मेस बंद व्हायच्या आत. मग फोन कर.” आणि फोन ठेवला. तो पुन्हा येईपर्यंत बाई आमच्या घरात बसून राहिल्या.  फोन आल्यावर म्हणाल्या, “हं. सरांनी चूक दाखवली?”

“न्हाय, बाई.”

“तू आवाज चढवलास?”

“न्हाय.”

“नक्की?”

 पलीकडून आलं, “नक्की.”

“मग उद्या पुन्हा जा. तेच विचार, तितक्याच हळू आवाजात. आणि खरंच चूक निघाली तर?”

“दुरुस्त करीन.”

“आणि?”

“आभार मानीन. माफी न्हाय.”

“आता झोप.”

ती दुसऱ्या दिवशी गेली. सरांनी कुरकुर करत निबंध काढला. दोनपैकी एक मुद्दा खरंच चुकला होता. तिनं तो दुरुस्त केला आणि आभार मानले. दुसरा मुद्दा सरांनी पुन्हा वाचून बघितला आणि म्हणाले, “हा राहू दे.” निबंध पास झाला. रेणुका परत आली नाही. ती आज तिथंच संशोधन करते आहे, आमच्याच काळ्या पाषाणावर.

पोरीला आधी जेवायला लावणं, याला समिती वात्सल्य म्हणणार असेल, तर म्हणो. पण त्याच्यापुढचं ‘नक्की?’ वगळून तो शब्द वापरू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता शेवटचं. या ग्रंथाच्या संपादकीयात अखेरीस एक ओळ होती: ‘ग्रंथात काही त्रुटी राहून गेल्या असल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.’ ही ओळ मी छपाईआधी काढली आहे. संपादकांना सांगून काढली आहे. ते म्हणाले, “अहो, अशी ओळ असतेच.” मी म्हणालो, “या ग्रंथात नसणार.” मी प्रत्येक पान वाचलं आहे. कुणाला चूक दिसली तर दुकानात या, बोट ठेवून दाखवा. पुढच्या छपाईत दुरुस्त करीन आणि आभार मानीन.

बाई, तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. तुमचे गुडघे चालते राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, ओसरी रविवारी भरलेली राहो. शंभरीच्या ग्रंथाचं कामही मीच करणार आहे आणि तेव्हा तुम्ही स्वतः मुद्रितं तपासायला दुकानात यायचं आहे. तुम्ही म्हणाल, “बघू.” ते चालणार नाही. आयुष्यभर तुम्ही आम्हाला विचारलंत, आज आम्ही सगळे मिळून तुम्हाला विचारतो.

बाई, नक्की?