समोर कोणी नसलेली मुलाखत

माझ्या मुलीच्या पहिल्या नोकरीची मुलाखत मी दिली. द्यायची नव्हती, पण दिली गेली.

पल्लवी धुळ्याहून इंजिनीअर होऊन एरंडोलला घरी आली होती. खूप अर्ज केल्यावर एका कंपनीचं बोलावणं आलं, तेही घरच्या घरी, लॅपटॉपवर. मी तीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला माणूस. तिला आठवडाभर शिकवलं की विचारून आत जायचं आणि सांगितल्याशिवाय बसायचं नाही. ती म्हणाली, समोर माणूस नसतोच, प्रश्न मशीन विचारतं आणि मार्कही मशीनच देतं. पोरगी घाबरून काहीही बोलतेय, असं मला वाटलं.

ऐन वेळी स्वयंपाकघरात हिने मिक्सर लावला. तो बंद करायला पल्लवी धावली आणि तिथेच मायलेकींची जुंपली. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी बसलो. (एवढाच माझा गुन्हा!)

"नमस्कार. आपला परिचय द्या," लॅपटॉपमधून बाईचा आवाज आला. चेहरा काही दिसेना. पण बाईमाणसाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे, म्हणून मी नाव, गाव, आजोळ, सगळं सांगितलं. सहकाऱ्यांशी मतभेद झाल्यावर काय केलंत, असं तिने विचारलं. मी हेडक्लार्कशी पंख्याखालच्या टेबलावरून झालेलं भांडण पहिल्यापासून सांगितलं. मग आलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

मी गोंधळलो. माझं वय तिला माहीत नसावं. "तब्येत बरी राहिली तर पद्मालयाला, गणपतीच्या दर्शनाला," मी म्हणालो.

पडद्यावर 'धन्यवाद' उमटलं. वळून बघतो तर दारात पल्लवी. 

"अप्पा, किती प्रश्न झाले?"

"बठ्ठे, एकबी बाकी नाही," मी म्हणालो.

तिने कंपनीला सगळं खरं कळवलं. माणसं भली होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी दिली. त्या दिवशी मला खबरदारी म्हणून पहूरला बहिणीकडे धाडण्यात आलं. पल्लवीला नोकरी लागली.

पण आधीच्या मुलाखतीचा अहवालही आला. लिहिलं होतं : 'उमेदवाराचा आत्मविश्वास उत्तम. मात्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.'

पल्लवीने तो मोठ्याने वाचला. हिने भाकरी थापता थापता विचारलं, "हाई सांगाले मशीन कसाले लागस?"

मी तिला लगेच समजावून सांगितलं की आमच्या कचेरीत पूर्वी नुसते टाइपरायटर होते.