जातो म्हणू नये

इंग्लंडला आम्ही नवराबायको एकदाच जाऊन आलो, पण ते सांगायची शिक्षा मला जन्माची झाली. लग्न असो, बारसं असो, कुणीतरी धरून बसवतंच, "आप्पा, ते गुळाचं सांगा की!" आता थोरल्या लेकानं वहीच पुढ्यात टाकली. म्हणाला, "एकदा लिहून टाका, म्हणजे परत कोण विचारणार न्हाय." चौथी शिकलेल्या माणसाला लेखक करायला निघालाय! आठवेल तसं लिहितो. शुद्धलेखन ज्यानं त्यानं आपल्या घरी तपासावं.

गेलो कशाला ते आधीच सांगतो, म्हणजे मधे कोण तोंड घालायला नको. माझी बायको हौसा. तिची आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला हिनंच कडेवर वाढवलं. हा मेव्हणा कोल्हापुरात फौंड्रीत काम शिकला आणि विलायतेला गेला. बारा वर्षं फिरकला नाही. शेवटी त्यानंच आम्हाला तिकिटं धाडली. हौसाचं तिथं एकच काम होतं. त्याच्या तोंडून "गावाकडं येतो" एवढं वदवून घ्यायचं. बाकी लंडनचं तिला काही पडलं नव्हतं.

*

मी गुळव्या. उसाच्या रसाच्या काहिलीपुढं उभं राहून जन्म गेला. मेव्हण्याला म्हणून पाच किलोची ढेप फडक्यात बांधून नेली. तिथल्या विमानतळावर गोऱ्या साहेबानं तिच्यावर बोट ठेवलं. हे काय म्हणून विचारत असणार. मी म्हटलं, "गूळ."

"गोल्ड?"

"व्हय व्हय, गूळ!"

झालं! चार साहेब पळत आले. ढेप वाजवून बघितली, वास घेतला, बॅटरी मारली, शेवटी मधोमध भोक पाडलं. तासभर आम्ही उभे. हौसा मला म्हणाली, "चांगली बारीक नजर हाय की ह्यांची! आपल्या बाजारातला अडत्या कवा एवढं बघतोय?"

*

तिकडं रस्त्यात कोण कुणाशी बोलत नाही. मला ते जमेना. समोर माणूस आला की तोंडातून जायचंच, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" मेव्हणा चिडायचा. "दाजी, अनोळखी माणसाशी असं बोलत न्हाईत इथं."

टपाल टाकणारा एक म्हातारा होता. त्यालाही मी रोज म्हणायचो. तो मान खाली घालून जायचा. दहाव्या दिवशी गडी सायकलवरनं उतरला, टोपी काढली आणि लांबूनच ओरडला, "पॉवनम!"

अख्ख्या देशात माझी ओळख ठेवली ती एवढ्या एका माणसानं.

*

हौसाचा एक चुलतभाऊ दोन तासांवरच्या गावात राहायचा. चुलतभावाकडं जायला आधी फोन करून परवानगी घेतली, मग गेलो. जेवताना त्याची बायको म्हणाली, "आणखी एक चपाती घ्या." मी म्हटलं, "नको नको." तिनं ताट उचललं!

आपल्यात पहिला नको रीतीचा, दुसरा लाजेचा, तिसरा खरा. पहिल्यालाच ताट उचलणारी बाई मी आधी बघितली नव्हती.

परत येताना माझं पोट असं गुरगुरायला लागलं की मेव्हण्याला वाटलं इंजिनात काहीतरी झालं. गाडी बाजूला घेऊन त्यानं बॉनेट उघडलं. हौसा मागनं म्हणाली, "बाळा, ते झाक. बिघाड हितं माझ्या शेजारी बसलाय."

*

मग पॅरिस. बोटीतनं, बशीतनं, अंग मोडून. तिथला लोखंडी मनोरा बघायला एवढी रांग, की माझे गुडघे खालीच बोलायला लागले. वर गेल्यावर सगळे खाली बघत होते. हौसानं विचारलं, "बाळा, आपलं शिरोळ कुठल्या अंगाला?"

मेव्हण्यानं हात केला कुठंतरी. ही पॅरिसकडं पाठ करून त्या अंगाला बघत उभी राहिली. उतरताना म्हणाली, "मग? कवा येतोस?"

"बघू की, आक्का."

महिनाभर रोज हिचं "कवा येतोस" आणि रोज त्याचं "बघू की." मी कंटाळलो. ती नाही कंटाळली.

*

मेव्हण्याची पोरगी पाच वर्षांची. निघायच्या दिवशी आम्ही चपला घालत होतो, तर म्हणाली, "आत्या, तू जाते?"

हौसानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "जातो म्हणू नये, बाई. येतो म्हणावं."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. "खरं?"

"खरं म्हणजे!" मी म्हटलं.

विमानतळावर हौसा म्हणाली, "येतो रं बाळा." पोरगीपण शहाण्यासारखी म्हणाली, "येतो." हौसा भावाच्या तोंडाकडं बघत राहिली. हलेचना. मागं रांग थांबली. शेवटी तोही म्हणाला, "येतो, आक्का."

विमानात ही शेजारच्या गोऱ्या बाईलासुद्धा सांगत होती, "येतो म्हणला!"

महिन्यानं निळ्या कागदाचं पत्र आलं, माझ्या नावानं. "दाजी, पोरगी शाळेतनं आली की रोज खिडकीत बसते. आत्या येतो म्हणाली, म्हणते. समजूत घालून आम्ही दमलो. लहान मुलीला तुम्ही खोटं सांगितलंत. यायचं नसेल, तर येतो म्हणू नये."

हौसा पिठाच्या हातानं बाहेर आली. "काय लिवलंय? कवा येतोय?"

मी पत्राची घडी घातली. "येतो म्हणतोय."

तेव्हापासून दर हंगामात पहिली ढेप ती त्याच्यासाठी फळीवर ठेवायची. अकरा हंगाम ठेवली. बाराव्याला ती नव्हती. ती गेल्यावर त्याची तार आली, "येऊ शकत नाही."

मला खोटा म्हणाला होता, त्याची माफी मात्र त्यानं अजून मागितलेली नाही. मेव्हण्याचं नाव दिनकर.