मदन महलचा समुद्र

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्रापायी इतका कामातून गेलेला माणूस माझ्या थोरल्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. जबलपूरहून कुठल्याही दिशेला निघा, खाऱ्या पाण्यात पाय बुडवायचे तर आधी अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. साडूंनी हा त्रास वाचवला. मदन महल वस्तीतल्या आपल्या घरात, बैठकीतला टीव्ही आतल्या खोलीत हाकलून, त्यांनी साडेचार फुटी काचेच्या टाकीत समुद्रच आणून ठेवला, आणि पुढची चार वर्षं आम्हा नातेवाइकांना त्याच्या काठावर बसवून छळलं.

मुळात माणूस सरळ. उभी हयात संरक्षण खात्याच्या कारखान्यात तोफांचे सुटे भाग तपासण्यात गेली. भाग मोजायचा, केसाच्या जाडीचा फरक निघाला की परत पाठवायचा, एवढंच काम त्यांनी केलं आणि घरीही तेच चालवलं. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, केलेली पोळी ते आधी उजेडाकडे धरून पाहत. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे कोणी भजनाला लागले, कोणी नर्मदा परिक्रमेला निघाले. साडू मुलीकडे पुण्याला गेले आणि तिथं त्यांची दाढ दुखली. दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसण्याच्या खोलीत जिवंत पोवळ्यांची आणि रंगीत माशांची एक टाकी होती. नंबर आला तरी साडू उठेनात. शेवटी दाढ काढून घेतली, पण जबलपूरला परतले ते डोक्यात पोवळी घेऊन.

पहिली लढाई पाण्याशी झाली. आमच्या गावात माणसं भेटल्यावर 'नर्मदे हर' म्हणतात, लांबलांबून येऊन त्या पाण्यात बुडी मारतात, बाटल्या भरून नेतात. साडूंनी नळाच्या पाण्यात एक कागदी पट्टी बुडवली, तिचा रंग पाहिला आणि नर्मदामाईला कारखान्यातल्या सदोष मालासारखं नापास केलं. मग भिंतीवर पाणी गाळण्याचं यंत्र बसलं. ते थेंब थेंब शुद्ध पाणी देई आणि बादल्याच्या बादल्या टाकाऊ पाणी सोडी. त्या बादल्यांनी ताई भांडी घासत, फरशी पुसत, तरी त्या संपत नसत. एवढं करून पाणी अगदी निर्मळ झालं की साडू त्यात पोत्यातलं खास मीठ घालायचे.

"म्हणजे आधी पाण्यातलं सगळं काढायचं, आणि मग परत घालायचं?" मी विचारलं.

"अच्छा, तर तुम्हाला समजून राहिलं!" ते आनंदून म्हणाले. मी थट्टा करतोय हे त्यांच्या कधी ध्यानातच यायचं नाही. थट्टा करणाऱ्याला यापेक्षा मोठा शत्रू नसतो.

टाकी सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं चांगले कपडे घालून, मिठाई घेऊन गेलो. टाकीत पाणी होतं आणि पाण्यात दगड होते. बाकी काही नाही. साडू आमच्या तोंडाकडे पाहत उभे.

"मासे कुठं आहेत?" मी म्हटलं.

"मासे? आत्ताच? आधी दगडात जंतू वाढायला पाहिजेत. दोन महिने तरी. हा जिवंत दगड आहे, साडूभाऊ."

ओला दगड, वर दिवा, आणि समोर भक्तिभावानं उभा असलेला मनुष्य. आमच्या हिनं सवयीनं हात जोडले. साडूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढचे दोन महिने ते रोज त्या दगडासमोर खुर्ची टाकून बसत आणि वहीत काहीतरी लिहीत. काय लिहीत, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण त्यांनी सांगितलं असतं.

मग मासे आले. दोन. बोटाएवढे, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. कोपऱ्यावरच्या दुकानातही रंगीत मासे मिळतात, ते पिठाच्या गोळीवर जगतात आणि तक्रार करत नाहीत. पण ते गोड्या पाण्यातले, म्हणजे साडूंच्या मते अडाणी. या दोघांचं स्वागत व्याह्यांसारखं झालं. ते ज्या पिशवीतून आले तिच्यात, नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून, टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं सोडण्यात दीड तास गेला आणि तेवढा वेळ घरात कोणी दार आपटायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, असा हुकूम होता. पोवळी आल्यावर हुकूम वाढले. उदबत्ती बंद. डासांची अगरबत्ती बंद. फोडणीचा धूर पाण्यावर बसतो म्हणून ताईंचा गॅस मागच्या अंगणात गेला. बैठकीत दिवसभर निळा उजेड. त्या उजेडात ताईंनी पुढे केलेले पोहे निळे दिसायचे, खाणाऱ्याचे दात जांभळे दिसायचे आणि आम्ही सगळे नुकतेच बुडालेले. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही व्हायची तेव्हा ताई आणि साडू खडखडणाऱ्या कूलरसमोर घाम पुसत आणि टाकीचं पाणी थंड ठेवायला वेगळं यंत्र शांतपणे चाले. मी एकदा ताईंना म्हटलंही, "ताई, पुढच्या जन्मी मासा व्हा."

"या जन्मीच पाण्यात आहे मी," त्या हातातली बादली दाखवत म्हणाल्या.

त्या पोवळ्यांत पाहण्यासारखं काय होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. फुलकोबीच्या गड्ड्यासारखं एक, हातमोज्यासारखं एक. साडू आमचा दंड धरून कुजबुजत, "उघडून राहिलं, पाहा! उघडून राहिलं!" आम्ही डोळे ताणत असू. वीस मिनिटांनी ते म्हणत, "उघडलं." हातमोजा होता तसा हातमोजा.

माझ्या हृदयाची नळी तुंबली, तेव्हा साडू दवाखान्यात भेटायला आले. मी नाकात नळी, हातात सुई अशा अवस्थेत पडलेलो. त्यांनी सलाइनची बाटली फिरवून तिच्यावरचं वाचलं आणि नर्सकडे वळून चिंतेनं म्हणाले, "सिस्टर, इसमें नमक तो बहुत कम है. हमारे यहाँ इसका चौगुना रहता है." नर्सनं त्यांना बाहेर काढलं. मला कसं वाटतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

तर अशा माणसावर मी मनसोक्त तोंडसुख घेत असे. "समुद्राच्या जीवांना इथं आणून काय मिळवलं? त्यांचं जबलपुरात काय काम?" हे माझं ठरलेलं वाक्य. ते ठरलेलं हसत.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात एका पहाटे वादळ झालं. मदन महलला झाड खांबावर पडलं, खांब आडवा झाला आणि वीज गेली. इन्व्हर्टरनं थोडा वेळ जीव धरला आणि दहाच्या सुमाराला तोही बसला. पंप थांबला, थंडाव्याचं यंत्र थांबलं आणि ऊन चढू लागलं. अकराला ताईंचा फोन आला. "तुम्ही येऊन जा. हे काही बोलून नाही राहिले."

मी गेलो. दार सताड उघडं. साडू बनियनवर टाकीशी उभे, मगानं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत होते, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. किती वेळ ते करत होते कोण जाणे. मी स्कूटर काढली, गोहलपुरात बर्फाचा कारखाना आहे तिथून गोणपाटात लादी बांधून आणली, फोडली आणि एक मोठा तुकडा टाकीत सोडणार, तोच ते पहिल्यांदा ओरडले, "काहून टाकता! गोडं पाणी आहे ते, मरतील!" मग आम्ही बर्फ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून पाण्यावर तरंगवला. शेजारच्या दुबेबाई आल्या, म्हणाल्या, "भाईसाहब, हम क्या करें?" साडूंच्या हातातला मग त्यांच्याकडे दिला. आणि ताई, ज्यांचा गॅस चार वर्षं अंगणात होता, त्या टाकीशेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि विणलेल्या हातपंख्यानं पाण्याला वारा घालू लागल्या. तापलेल्या माणसाला घालावा तसा. दुपारभर घातला. मी मध्ये पंखा घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या. तुम्ही जोरात घालाल."

दिवेलागणीला वीज आली. मासे तगले. आम्ही टाळ्या वाजवल्या, दुबेबाईंनी 'नर्मदे हर' म्हटलं. पण पोवळ्यांना त्या उष्म्यानं आतून धरलं होतं. पंधरवड्यात एकेक पांढरं पडत गेलं. हिरवं, जांभळं, सगळं हाडासारखं पांढरं. साडू रोज पाणी तपासत. पाणी चोख होतं.

एका रविवारी मी गेलो तर ते मेलेली पोवळी बादलीत काढत होते. वर न पाहता म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही बरोबर म्हणत होते. यांचं इथं काय काम होतं? मीच उचलून आणलं."

हे वाक्य ऐकायला मी चार वर्षं टपलो होतो. आता ते आलं, आणि मला ते नको होतं. मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, आपलं तरी इथं काय काम होतं? आपले आजे आलेच ना मराठी मुलखातून कुठून कुठून. कारखान्यात चिकटले, रेल्वेत चिकटले. रुजलोच की आपण."

त्यांनी जरा विचार केला. सदोष भाग तपासावा तसा. मग म्हणाले, "त्यांना कोणी पिशवीत घालून नव्हतं आणलं."

मासे त्यांनी नागपूरच्या एका जाणकाराला द्यायचं ठरवलं. कोणाच्या हाती पाठवायला तयार नव्हते, स्वतः निघाले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. झाकणाची बादली मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. झाकण किंचित उचलून आत पाहत होते.

टाकी कोरडी होऊन गेली. बैठकीत टीव्ही परत आला, गॅस स्वयंपाकघरात आला. उजेड पांढरा झाला, पोहे पिवळे झाले. मी दोनदा सुचवून पाहिलं, "पुन्हा लावा ना. इन्व्हर्टर मोठा घ्या." ते "चलो, पाहू" म्हणतात आणि पाहत नाहीत. आम्ही गेलो की गुडघ्यांवर बोलतात, कॉलनीतल्या पार्किंगवर बोलतात, बातम्यांवर चिडतात. अगदी शहाण्यासारखं. चारचौघांचे साडू असतात तसे ते आता झाले आहेत.

पूर्वी त्यांच्याकडून परतताना मी त्यांच्या नकला करायचो आणि ही मागच्या सीटवर एवढी हसायची की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागायची. आता ती विचारते, "काय म्हणत होते?" मी म्हणतो, "बरे आहेत." आणि आम्ही कुठंही न थांबता घरी येतो.