बोर्डावरची याडी

पुण्यातल्या आमच्या डिझाइनच्या ऑफिसात यवतमाळकडचा मी एकटाच. म्हणून राळेगावच्या बसस्टँडवर लावायच्या मोठ्या बोर्डाचं काम माझ्याकडं आलं. वर मजकूर, 'आपला जिल्हा, आपली माणसं', खाली चित्रं. कोण आनंद झाला मला! आमच्या बंजारा तांड्याला आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं.

मी माझ्या याडीचाच, म्हणजे आईचाच, चेहरा काढला. साधी साडी, डोक्यावर पदर, कमरेला कापूस वेचायची ओटी. तांड्यातल्या बाया आता अशाच दिसतात.

बॉस म्हणाले, "ही कुठलीही बाई वाटते रे. बंजारा वाटायला नको? आरसे टाक, चांदी टाक." आणि नेटवरचा एक फोटो दाखवला. त्यातल्या बाईच्या कानशिलांवर चांदीच्या घुगऱ्या लोंबत होत्या.

"सर, घुगऱ्या नवरा असलेली बाईच घालते. माझे वडील वारले, तेव्हाच याडीनं त्या उतरवल्या."

"अरे, चित्र आहे ते. कोण तपासायला बसलंय?"

मी साफ नाही म्हटलं. मग बॉसनी दुसऱ्याला बसवून त्याच चेहऱ्यावर घुगऱ्या चढवल्या, दंडावर पांढऱ्या बांगड्या चढवल्या, अन् बोर्ड छापून गेलासुद्धा. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, "भारी दिसतंय यार, एकदम अस्सल." आग लागो त्या अस्सलला! आम्ही कसे दिसतो हे पुण्यात बसून हे ठरवणार, अन् आम्ही काय निस्तं पाहत राहायचं? कायले? अजूनही आठवलं की डोकं तापतं.

बाजाराच्या दिवशी याडी तांड्यातल्या बायांसोबत राळेगावला एसटीतून उतरली, तर समोर बोर्ड. चेहरा सगळ्याजणींनी ओळखला. याडीकडं न बघताच त्या बाजाराकडं निघाल्या. थट्टा केली असती तरी बरं झालं असतं.

घरी आम्ही गोरबोलीत, आमच्या बंजारा भाषेत, बोलतो. त्या दिवशी फोनवर ती वऱ्हाडीत बोलली, बाजारात परक्या माणसाशी बोलते तशी.

"तुहा बाप वापस आला का रे? मले काहून नाही सांगतलं?"

मी बॉसचं सांगितलं, नकाराचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पन तोंड तं माहंच हाय ना?" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

बोर्ड अजून तिथंच आहे. याडी आता स्टँडवर उतरत नाही. अलीकडच्या फाट्यावर उतरते अन् डोक्यावर ओझं घेऊन उन्हातून बाजारात चालत जाते.